माजी झाल्यावर काय करायचे? महाराष्ट्रातील माजी लोकप्रतिनिधींना खुले पत्र

महाराष्ट्रातील सर्व माजी मंत्री, माजी खासदार, माजी आमदार, माजी महापौर आणि माजी जिल्हा परिषद अध्यक्ष यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र जिमी कार्टर यांच्याविषयी आहे. जानेवारी 1977 ते जानेवारी 1981 अशी चार वर्षे ते अमेरिकेचे अध्यक्ष होते. त्यानंतर 29 डिसेंबर 2024 रोजी, शंभरी पूर्ण करून, ते गेले. म्हणजे जवळजवळ 44 वर्षे ते 'माजी' होते. इतका काळ माजी अध्यक्ष म्हणून तिथे दुसरे कोणी जगलेले नाही. आपल्याकडे 'माजी' हा शब्द लग्नपत्रिकेत, फ्लेक्सवर आणि सत्काराच्या निवेदनात वापरला जातो. कार्टर यांनी त्याच शब्दाच्या जोरावर जे उभे केले त्याची रीत शिकता येण्यासारखी आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

ही आरती नाही, हे आधीच सांगून टाकतो. 1980 च्या निवडणुकीत कार्टर सपाटून हरले: रीगन यांना 489 निर्वाचक मते, त्यांना 49. वक्ते म्हणूनही ते मोठे नव्हते. आवाज सपाट, वाक्याचा शेवट पडलेला, विनोद बेतापुरता. तरीही त्यांची भाषणे वाचावीत असे आम्ही म्हणतो, कारण त्यात दिलेले शब्द पुढच्या चार दशकांतल्या कामाशी ताडून पाहता येतात. बहुतेक नेत्यांच्या बाबतीत ती सोय नसते.

सुरुवात शेवटच्या भाषणापासून करावी. 14 जानेवारी 1981 रोजी, खुर्ची सोडायला सहा दिवस उरले असताना, कार्टर देशाशी बोलले. 52 अमेरिकी ओलीस तेव्हाही इराणच्या ताब्यात होते. त्या भाषणात केलेल्या कामांची जंत्री फारशी नाही. अण्वस्त्रांचा धोका, पृथ्वीच्या संपत्तीची राखण आणि मानवी हक्क या तीनच विषयांवर ते बोलले. आणि सुरुवातीलाच म्हणाले की, अध्यक्षपदाची जबाबदारी खाली ठेवून मी आता लोकशाहीतले त्याहून वरचे एकमेव पद पुन्हा स्वीकारणार आहे, नागरिकाचे. निरोपाच्या वेळी असे बोलणे सोपे असते. वय 56, पराभव ताजा, आणि टाळ्या वाजवायला समोर सभाही नाही. त्या वाक्याला वजन आले ते नंतर.

आता त्यांच्या भाषणांतले जमलेले आणि फसलेले, दोन्ही पाहू. 12 जानेवारी 1971 रोजी जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर म्हणून शपथ घेताना त्यांनी जेमतेम आठेक मिनिटांच्या भाषणात सांगितले की वांशिक भेदभावाचा काळ संपला आहे. दक्षिणेतल्या गोऱ्या गव्हर्नरने हे शपथविधीलाच बोलावे याची देशभर दखल घेतली गेली. पण आदल्या वर्षीच्या प्रचारात याच कार्टर यांनी भेदभाववादी मतदारांना दुखावणार नाही अशा बेताने मते मागितली होती. ही दुटप्पी वागणूक झाकू नये. फरक एवढाच की नेते सहसा प्रचारात उदार आणि सत्तेत आखडते असतात. इथे क्रम उलटा होता. 1974 साली राज्याच्या विधानभवनात मार्टिन लूथर किंग यांचे चित्र त्यांनी लावून घेतले.

15 जुलै 1979 चे दूरचित्रवाणी भाषण हे तर नीट चिरफाड करून शिकावे असे आहे. तेलटंचाई होती, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. 5 जुलैला ठरलेले भाषण त्यांनी ऐनवेळी रद्द केले आणि दहा दिवस कॅम्प डेव्हिड या अध्यक्षांच्या विश्रामस्थानी शंभराहून अधिक लोकांना बोलावून ऐकून घेतले: गव्हर्नर, कामगार नेते, धर्मगुरू, अर्थतज्ज्ञ. मग 33 मिनिटे बोलले. पहिला भाग स्वतःवरच्या टीकेचा. तुम्ही देशाचे नेतृत्व करत नाही, नुसता कारभार हाकता, हे एका गव्हर्नरचे वाक्य त्यांनी स्वतःच वाचून दाखवले. मधला भाग देशाने गमावलेल्या आत्मविश्वासाचा. शेवटचा भाग आकड्यांचा: 1977 साली जितके परदेशी तेल वापरले त्याहून अधिक यापुढे कधीही वापरायचे नाही, वीज कंपन्यांनी तेलाचा वापर दहा वर्षांत निम्म्यावर आणायचा, 2000 सालापर्यंत एक पंचमांश ऊर्जा सूर्यापासून मिळवायची.

लोकांना हे भाषण आवडले होते, हे आज फार जणांना माहीत नसते. पाठिंब्याचे प्रमाण 11 अंकांनी वर गेले. बिघडले ते दोनच दिवसांनी. 17 जुलैला त्यांनी साऱ्या मंत्रिमंडळाचे राजीनामे मागवले आणि पाच जणांना घालवले. ज्याने परवा आत्मविश्वासावर प्रवचन दिले त्याच्याच घरात पळापळ आहे, असे चित्र झाले आणि भाषणाची कमाई आठवड्यात संपली. भाषणानंतरचे 72 तास हे भाषणाचाच भाग असतात. त्यांची आखणी केली नाही तर चांगला मजकूरही वाया जातो. दिलेल्या शब्दांचे काय झाले? तेलाची आयात काही वर्षे खरोखर घटली, मग 1990 च्या दशकात ती मर्यादा ओलांडली गेली. सौरऊर्जेचे लक्ष्य तर गाठलेच गेले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये व्हाइट हाउसच्या छपरावर बसवलेले 32 सौर तापक 1986 साली, रीगन यांच्या काळात, उतरवले गेले.

फसलेल्या शब्दांचा आणखी एक नमुना आपल्या अंगणापर्यंत येतो. 31 डिसेंबर 1977 च्या रात्री तेहरानच्या मेजवानीत कार्टर यांनी तिथल्या राजाच्या, शाहच्या, इराणला अशांत प्रदेशातले स्थैर्याचे बेट म्हटले. वर्ष उलटून गेल्यावर, 16 जानेवारी 1979 रोजी, शाहला देश सोडून पळावे लागले. यजमानाला बरे वाटावे म्हणून बोललेले एक वाक्य माणसाला जन्मभर चिकटते. तेहरानहून ते थेट दिल्लीला आले. मोरारजी देसाई पंतप्रधान होते. भाषणे, स्वागत सगळे व्यवस्थित पार पडले आणि एका उघड्या राहिलेल्या मायक्रोफोनने घात केला: अणुप्रश्नावर देसाईंना एक थंड आणि रोखठोक पत्र लिहायला हवे, असे आपल्या परराष्ट्रमंत्र्यांशी झालेले कुजबुजीतले बोलणे पत्रकारांच्या कानी गेले. प्रश्न होता तारापूरच्या इंधनाचा. 1963 च्या करारानुसार तारापूरच्या अणुभट्ट्यांना समृद्ध युरेनियम अमेरिकेने द्यायचे होते, आणि 1978 साली कार्टर यांनीच सही केलेल्या अण्वस्त्रप्रसारविरोधी कायद्याने ते अडकले. शेवटी 1980 साली 38 टन इंधन सोडण्याचा निर्णय त्यांनी स्वतःच घेतला. सिनेटमध्ये तो 48 विरुद्ध 46 अशा निसटत्या मतांनी टिकला. कठोर कायदाही त्यांचा, अपवादही त्यांचाच. अमेरिकेतले त्यांचे टीकाकार यावर तुटून पडले आणि त्यात तथ्य होते.

हे सगळे सांगितले ते अशासाठी की, माजी होताना कार्टर यांच्या पदरी काय होते ते लक्षात यावे. दारुण पराभव, ओलिसांची नामुष्की आणि घरी कर्ज. अध्यक्ष असताना शेंगदाण्याचा कौटुंबिक व्यवसाय त्यांनी विश्वस्तांच्या हाती सोपवला होता. परत आले तेव्हा त्यावर सुमारे 10 लाख डॉलरचे देणे चढले होते. तो व्यवसाय विकावा लागला. 1958 च्या कायद्याप्रमाणे माजी अध्यक्षाला निवृत्तिवेतन, कार्यालय आणि कर्मचाऱ्यांचा खर्च मिळतो, तो त्यांनाही मिळाला. बाकी उत्पन्न मुख्यतः पुस्तकांचे. तीसहून अधिक लिहिली. मोठ्या कंपन्यांची संचालकपदे आणि गलेलठ्ठ मानधनाची व्याख्याने ही वाट त्यांनी धरली नाही. 1961 साली बांधलेल्या प्लेन्स गावातल्या साध्या घरात ते राहिले आणि तिथेच गेले.

1982 साली अटलांटात, एमरी विद्यापीठाच्या भागीदारीत, त्यांनी आणि पत्नी रोझलिन यांनी कार्टर सेंटर सुरू केले. संस्था काढणे आपल्याकडेही अवघड नाही. ट्रस्ट, शिक्षणसंस्था, साखर कारखाना, आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे ते असते. पाहण्यासारखी आहेत ती या सेंटरने स्वतःला घालून घेतलेली बंधने. दुसरे कोणी चांगले करत असेल ते काम आपण करायचे नाही. संशोधन करून थांबायचे नाही, कृती आणि मोजता येतील असे परिणाम हवेत. कोणत्याही पक्षाची बाजू घ्यायची नाही. अवघड प्रश्न घ्यायचे आणि अपयशाची शक्यता मान्य करायची. आणि साधने व माहिती मिळाली तर लोक स्वतःचे भले स्वतः करू शकतात, हे गृहीत धरायचे. यातले पहिले कलम सर्वांत जड आहे. दुसरा करतोय ते आपण करायचे नाही म्हटले की रक्तदान शिबिर, वह्यावाटप, नेत्रतपासणी यांतले बरेचसे गळून पडते. मग उरते ते कोणालाच नको असलेले काम.

कार्टर यांना असे एक काम मिळाले: नारू.

आपल्यापैकी जे ज्येष्ठ आहेत त्यांना नारू समजावून सांगायला नको. भारतात हा रोग सात राज्यांत होता आणि महाराष्ट्र त्यांतले एक. तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. नारूच्या अळ्या पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या, जेमतेम डोळ्याला दिसणाऱ्या जीवांच्या पोटात असतात. ते पाणी न गाळता प्यायले की सायक्लॉप्स जठरात मरतात, अळ्या सुटतात आणि आतड्याची भिंत भेदून शरीरात जातात. सुमारे वर्षभर काहीच कळत नाही. मग 60 ते 100 सेंटिमीटर लांबीची मादी, बहुधा गुडघ्याखाली, फोड करून बाहेर येऊ लागते. आग आग होते, म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि पाण्याचा स्पर्श होताच मादी लाखो अळ्या सोडते. पायऱ्या उतरून पाणी भरायच्या विहिरी यासाठी फारच घातक. जंत काडीला गुंडाळत रोज काही सेंटिमीटर ओढायचा. घाई केली, तुटला, की आत पू होतो आणि माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळतो. तेही नेमके पेरणी-कापणीच्या हंगामात.

यावर लस नाही, औषध नाही. म्हणूनच औषध कंपन्यांना त्यात रस नव्हता, आणि राजकारण्यांनाही नव्हता, कारण रुग्ण दूरच्या, गरीब, रस्ता नसलेल्या गावांतले. 1986 साली कार्टर सेंटरने हे काम हाती घेतले तेव्हा 21 देशांत मिळून सुमारे 35 लाख रुग्ण होते. 2023 साली सगळ्या जगात 14 आढळले, 2024 साली 15.

कसे केले? चक्र तोडायच्या जागा मोजक्याच आहेत आणि प्रत्येक जागी काय चुकते हेही ठरलेले आहे. पहिली जागा, पाणी गाळणे. बारीक विणीचे नायलॉनचे कापड मडक्याच्या तोंडावर बांधायचे. कापड फाटते, भोक पडते, घरात चार मडकी आणि कापड एक असे होते; म्हणून कापड दरवर्षी नवे द्यावे लागते आणि घरोघर जाऊन तपासावे लागते. शेतात, गुरांमागे गेलेला माणूस घरचे गाळलेले पाणी नेत नाही, तळ्यावरच ओणवतो. त्याच्यासाठी गळ्यात अडकवता येईल अशी गाळणी बसवलेली नळी काढली, लाखोंनी वाटली. दुसरी जागा, रुग्णाला पाण्यात उतरू न देणे. नुसते सांगून भागत नाही. जखम धुऊन पट्टी बांधणारा गावातलाच माणूस हवा आणि रुग्णाचे पाणी दुसऱ्या कोणी भरायला हवे. तिसरी जागा, तळ्यात टेमेफॉस हे सायक्लॉप्स मारणारे कीटकनाशक टाकणे: प्रमाण दर लिटरला 1 मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी. त्यासाठी तळ्यातल्या पाण्याचे घनफळ मोजावे लागते. अंदाजाने टाकले की कमी पडते आणि सायक्लॉप्स तगतात. मोठ्या किंवा वाहत्या पाण्यात तर उपयोगच नाही. चौथी, बोअर किंवा झाकलेली विहीर. हा उपाय सर्वांत लोकप्रिय, कारण उद्घाटन करता येते. पण पंप बंद पडला की गाव पुन्हा तळ्यावर. घानातल्या सावेलुगू गावात 2006-07 साली पाणीपुरवठा कोलमडल्यावर नारूचा उद्रेक झाला. कार्टर स्वतः तिथे गेले होते, वय 82.

यात माजी अध्यक्षाचे काम नेमके कोणते? तळ्यात औषध टाकणे त्यांचे काम नव्हे. त्यासाठी डोनाल्ड हॉपकिन्स यांच्यासारखे, देवीच्या निर्मूलनात मुरलेले डॉक्टर होते. कार्टर यांच्याकडे तीन गोष्टी होत्या. राष्ट्रप्रमुखाला फोन लावला तर तो उचलला जाई. कंपनीच्या प्रमुखाला भेटले तर टेमेफॉस आणि गाळणीचे कापड फुकट मिळे. अमेरिकन सायनामिड आणि ड्यूपॉन्ट यांनी ते दिले. आणि त्यांच्यासारखेच इतर 'माजी' त्यांना ओळखता येत. मालीचे सत्ता सोडलेले जनरल अमादू तुमानी तुरे यांना त्यांनी 1992 पासून आफ्रिकेतल्या फ्रेंच भाषक देशांत हे काम पुढे न्यायला लावले. नायजेरियाचे माजी लष्करशहा याकुबू गोवोन यांना पुढे नायजेरियात हिंडायला लावले. त्या एका देशात 1988-89 च्या शोधमोहिमेत साडेसहा लाखांवर रुग्ण सापडले होते. शेवटचा रुग्ण 2008 साली. सत्ता गेलेला सेनापती गावोगावच्या विहिरी बघत फिरतोय, हे दृश्य आपल्या राज्यात कसे दिसेल याचा विचार करून पाहावा.

1995 साली कार्टर यांनी सुदानच्या यादवी युद्धातल्या दोन्ही बाजूंना शस्त्रे खाली ठेवायला लावली. कारण काय, तर नारूच्या गाळण्या वाटायच्या आहेत. दोन महिन्यांचा तह वाढत जवळजवळ सहा महिने टिकला. त्या अवधीत मुलांना लसी दिल्या गेल्या, नदीकाठच्या अंधत्वावरची औषधे पोचली. युद्ध पुढे चालूच राहिले, पण तोवर हजारो गावांत आरोग्यसेवक पोचून गेले होते.

अपयशही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवे. जगाने पहिली मुदत 1995 ची ठरवली होती. ती हुकली, पुढच्याही हुकल्या, आता 2030 चालू आहे. चाडमध्ये 2012 पासून कुत्र्यांत नारू सापडू लागला आणि सगळे गणित बदलले. आता तिथे कुत्री बांधून ठेवणे, माशांची आतडी पुरणे आणि खबर देणाऱ्याला रोख बक्षीस देणे असे काम चालते. शेवटचा नारू माझ्याआधी मरावा, असे कार्टर म्हणत. तसे झाले नाही. त्यांच्या निधनाच्या वर्षीही चाड आणि दक्षिण सुदानमध्ये रुग्ण होतेच. तरी आकडे दर वर्षी जाहीर झाले, वाढले तेव्हाही.

भारतातल्या नारूचे श्रेय मात्र कार्टर यांना देऊ नये. आपला राष्ट्रीय कार्यक्रम 1983-84 साली सुरू झाला होता, तेव्हा देशात वर्षाला सुमारे 40 हजार रुग्ण होते. शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये भारत नारूमुक्त ठरला. पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करून, हातपंप बसवून, गावोगाव शोध घेऊन ते काम आपल्याच आरोग्य कर्मचाऱ्यांनी केले. आपल्यापैकी ज्यांच्या कारकिर्दीत हे झाले त्यांनी ते कधी नीट लिहून ठेवलेले दिसत नाही. लिहावे.

दुसरे काम निवडणूक निरीक्षणाचे. त्यातला एकच तपशील सांगतो, कारण तो आपल्याला चटकन कळेल. दक्षिण अमेरिकेतल्या गयानामध्ये अनेक वर्षे मतपेट्या मोजणीसाठी दुसरीकडे नेल्या जात आणि वाटेत त्यांचे काय होते यावर कोणाचाच विश्वास नव्हता. 1990 साली कार्टर तिथे गेले आणि राष्ट्राध्यक्ष हॉइट यांच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या: नवी मतदारयादी आणि मतदान केंद्रावरच मोजणी. याद्या तयार व्हायला वेळ लागला, निवडणूक लांबली आणि ऑक्टोबर 1992 मध्ये झाली. मतदानाच्या दिवशी जमावाने निवडणूक आयोगाच्या इमारतीवर हल्ला केला तेव्हा कार्टर त्या इमारतीत जाऊन बसले. निकालात विरोधी पक्षाचे छेदी जगन जिंकले आणि हॉइट यांनी सत्ता सोडली. 1989 साली पनामात लष्करशहा नोरिएगाच्या माणसांनी खोटे तक्ते आणले तेव्हा मोजणी केंद्रातच, तुम्ही प्रामाणिक आहात की चोर, असे त्यांनी स्पॅनिशमध्ये सुनावले होते. तिथे मतदान केंद्रांवरून मिळवलेली समांतर बेरीज हाताशी होती, म्हणून ते बोलता आले. पुराव्याशिवाय 'मतचोरी' म्हणणे आणि पुराव्यानिशी म्हणणे यांत हा फरक असतो.

घरबांधणीचे काम आपल्याला जवळचे. 1984 पासून कार्टर पती-पत्नी दर वर्षी आठवडाभर हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेबरोबर घरे बांधायला जात. 2006 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते लोणावळ्याजवळ मळवलीला आले होते. स्वयंसेवकांनी तिथे 100 घरांचे काम हाती घेतले. पाहुणे म्हणून वीट ठेवून फोटो काढण्याचा हा कार्यक्रम नव्हता. रंधा, हातोडी आणि सकाळची हजेरी, सगळे असे, आणि गप्पा मारत उभ्या राहणाऱ्यांवर कार्टर चिडत. महाराष्ट्राशी या घराण्याचा संबंध त्याआधीचा आहे. त्यांच्या आई लिलियन, पेशाने परिचारिका, वयाच्या 68 व्या वर्षी, 1966 साली, पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या सेवा-योजनेच्या स्वयंसेविका म्हणून मुंबईत आल्या आणि विक्रोळीत गोदरेज वसाहतीच्या दवाखान्यात काम करून 1968 साली परतल्या. मुलगा तेव्हा अध्यक्ष सोडाच, गव्हर्नरही नव्हता. म्हातारपणी काय करायचे याचा धडा त्याला घरीच मिळाला होता, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

माजी नेत्याने काय करू नये हेही कार्टर यांच्याकडूनच शिकता येते. नोव्हेंबर 1990 मध्ये, इराकवरच्या युद्धाची तयारी चालू असताना, त्यांनी सुरक्षा परिषदेतल्या देशांच्या प्रमुखांना पत्रे लिहून अमेरिकेच्या ठरावाला पाठिंबा देऊ नका असे सुचवले. अध्यक्ष बुश यांना ते कळले दुसऱ्यांकडून. युद्धाला विरोध करणे हा त्यांचा हक्क होता. स्वतःच्या सरकारच्या पाठीमागून परदेशी सरकारांना फितवणे हा नव्हता. जून 1994 मध्ये उत्तर कोरियात तिथले सत्ताधीश किम इल सुंग यांच्याशी अणुकार्यक्रमावरची बोलणी यशस्वी झाली, पण वॉशिंग्टनला नीट विचारण्याआधीच त्यांनी सीएनएनवर ती जाहीर केली. तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांची माणसे संतापली. त्या बोलण्यांतून ऑक्टोबरमध्ये करार झाला, हे खरे. मात्र पुढच्या प्रत्येक दौऱ्यात सरकार त्यांच्याकडे संशयाने पाहू लागले. फोन उचलला जाणे हेच माजी माणसाचे भांडवल असते, आणि अशा प्रसंगी ते खर्च होते.

याच्या उलट नमुना क्युबाची राजधानी हवानाचा. 14 मे 2002 रोजी हवाना विद्यापीठात, पहिल्या रांगेत कॅस्ट्रो बसलेले असताना, कार्टर यांनी स्पॅनिशमध्ये भाषण केले. जायच्या आधीच अट घातली होती: प्रक्षेपण थेट होईल, कापाकापी होणार नाही. त्यांनी आधी आपल्या देशाला सुनावले की क्युबावरचे व्यापारी निर्बंध उठवावेत. मग यजमानांना सुनावले की तुमच्याच घटनेप्रमाणे 10 हजारांहून अधिक नागरिकांनी सुधारणांसाठी अर्ज केला आहे, तो तुमच्या लोकांना माहीत नाही. सरकारी वाहिनीवर त्या अर्जाचे नाव पहिल्यांदा असे ऐकू आले. तेहरानच्या मेजवानीतल्या माणसाने 25 वर्षांत काय शिकले ते या भाषणात दिसते.

त्याच वर्षी 10 डिसेंबरला ऑस्लोत नोबेल शांतता पुरस्कार स्वीकारताना त्यांनी आपल्या शाळेतल्या शिक्षिका ज्युलिया कोलमन यांचे वचन उद्धृत केले: बदलत्या काळाशी जुळवून घ्यावे, पण न बदलणाऱ्या तत्त्वांना धरून राहावे. 20 जानेवारी 1977 च्या शपथविधीच्या भाषणातही हेच वचन, याच बाईंच्या नावाने होते. शपथविधीच्या त्या भाषणाचे पहिले वाक्यही लक्षात ठेवण्याजोगे आहे: आपण ज्यांना हरवले त्या फोर्ड यांचे त्यांनी देशाच्या जखमा भरून काढल्याबद्दल आभार मानले. ऑक्टोबर 1981 मध्ये इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात यांच्या अंत्यविधीहून परतताना विमानात कार्टर आणि फोर्ड यांची मैत्री झाली. पुढे दोघांनी मिळून निवडणूक सुधारणा आयोगाचे मानद अध्यक्षपद सांभाळले, आणि जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या अंत्यविधीला बोलायचे असे ठरवले. 2007 साली कार्टर फोर्ड यांच्याविषयी बोलले. फोर्ड यांनी लिहून ठेवलेले कार्टर यांच्याविषयीचे शब्द 9 जानेवारी 2025 रोजी त्यांच्या मुलाने वाचून दाखवले.

आता मागणे. आपल्या तालुक्यातला किंवा शहरातला एक प्रश्न निवडा, जो मोजता येतो आणि ज्यावर दुसरे कोणी काम करत नाही. कामाला हात लावण्याआधी आजचा आकडा काढा आणि जाहीर करा. हा पहिला आकडा नसला तर पाच वर्षांनी काय बदलले हे सांगताच येणार नाही. उदाहरणे हवी असतील तर सर्पदंशाने होणारे मृत्यू, मैला टाक्यांत उतरून गुदमरणारे कामगार, ऊसतोड कामगारांच्या शाळा सुटलेल्या मुली. तज्ज्ञ माणूस पगार देऊन नेमा आणि त्याला काम करू द्या. आपले काम फोन करणे, अडलेली फाइल हलवणे, औषध किंवा सामान मिळवून देणे एवढेच ठेवा. आपल्याला ज्यांनी पाडले किंवा आपण ज्यांना पाडले त्यांना बरोबर घ्या. दर तीन महिन्यांनी आकडा जाहीर करा, वाढला असला तरी. आणि ज्या निवडणुकीत पुन्हा उभे राहायचे असेल तिच्या प्रचारात हे काम आणू नका. एकदा आणले की विरोधकांची गावे दारे लावून घेतात आणि आकडे कोणी खरे मानत नाही. ज्यांना पुन्हा तिकीट हवेच आहे त्यांना हे जमणे कठीण, हे आम्हाला दिसते. कार्टर पुन्हा उभे राहू शकत असूनही राहिले नाहीत.

दुसरे मागणे कागदांचे. 1978 पर्यंत अमेरिकी अध्यक्षांची कागदपत्रे ही त्यांची खासगी मालमत्ता समजली जाई. कार्टर यांनी त्या वर्षी सही केलेल्या कायद्याने 20 जानेवारी 1981 नंतरच्या अध्यक्षांचे कागद जनतेचे झाले. त्यांच्या स्वतःच्या कारकिर्दीला तो लागू नव्हता, तरी त्यांनी आपले कागद देऊन टाकले. 1986 साली अटलांटात उघडलेल्या ग्रंथालयात भाषणांचे कच्चे मसुदे, त्यांवरच्या त्यांच्या हाताच्या खुणांसह, पाहता येतात. आपल्या घरांतल्या माळ्यांवर निवेदने, सभागृहातल्या भाषणांच्या टाचणांच्या वह्या, दौऱ्यांच्या डायऱ्या पडून आहेत. बंगला सोडताना त्यांची रद्दी होते. तालुक्याच्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाला द्या. देण्याआधी अर्जदारांची नावे, आजार, कौटुंबिक तक्रारी असलेले कागद वेगळे काढून बंद ठेवा, बाकी उघडे ठेवा. वर्ष आणि विषय लिहिलेली साधी यादी सोबत हवीच. यादीविना आलेला गठ्ठा कोणतेही ग्रंथालय उघडत नाही.

कार्टर यांची भाषणे वाचायची असतील तर अध्यक्ष असतानाची सगळी अमेरिकी सरकारने छापलेली आहेत आणि त्यांवर स्वामित्वहक्क नाही, त्यामुळे मराठीत आणायला कोणाची परवानगी लागत नाही. चौदा जानेवारीचे निरोपाचे आणि पंधरा जुलैचे, या दोहोंपासून सुरुवात करावी. नोबेलच्या व्याख्यानाचे हक्क मात्र नोबेल प्रतिष्ठानकडे आहेत. ते छापायचे तर आधी त्यांना लिहावे लागेल.

आपले,
अमेरिकी राजकारण आणि सार्वजनिक आरोग्य यांचे काही अभ्यासक